दुसरी खिडकी कुठं होती?

मी कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. हप्ता आला की एक नोंद पडते, नाही आला की दुसरी. 'आला' आणि 'नाही आला' यांच्या मधलं तिसरं काही माझ्या टेबलमध्ये नव्हतं. ते मला कधी खटकलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिने छोट्या गावांतून रोख हप्ते गोळा करणाऱ्या एका एजन्सीचं कंत्राट बंद केलं. कागदावर बंद केलं. गावातल्या दुकानांवरचे बोर्ड तसेच राहिले, पावतीपुस्तकं तशीच राहिली आणि लोक जवळपास तीन आठवडे तिथंच पैसे भरत राहिले. ते पैसे आमच्यापर्यंत पोचले नाहीत. महिनाअखेरीला एक स्क्रिप्ट चालली आणि त्या सगळ्या खात्यांवर 'थकीत' लागलं, वर दंड लागला. स्क्रिप्ट मी लिहिलेली. टेस्ट सगळ्या पास झालेल्या.

नंतर कशासाठी तरी कॉल रेकॉर्डिंग ऐकत बसले होते. एक बाई कस्टमर केअरच्या मुलीला सांगत होत्या, "ताई, पावती हाय माझ्याकडं. तारीख हाय, शिक्का हाय." मुलगी समोरचा ठरलेला मजकूर वाचत होती: तुमची रक्कम अधिकृत केंद्रावर जमा झालेली नाही. बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग दुसरी खिडकी कुठं होती, तेवढं तरी सांगा."

त्या रात्री झोप येईना म्हणून शोधत बसले, की चुकीच्या माणसाला फेडलेलं कर्ज फिटतं का? शोधता शोधता पोचले थेट दुसऱ्या महायुद्धातल्या मनिलाला.

जपानी सैन्य 2 जानेवारी 1942 ला मनिलात शिरलं. शत्रुराष्ट्रांच्या म्हणून ज्या बँका मोजल्या गेल्या त्या बंद केल्या गेल्या, आणि त्यांचा कारभार गुंडाळायला जपानी लष्कराने बँक ऑफ तैवानला नेमलं. त्यांत चायना बँकिंग कॉर्पोरेशन होती. या बँकेचं हॉ पिया नावाच्या एका ऋणकोकडे 5,103 पेसो 35 सेंटाव्होंचं येणं होतं, मालमत्ता गहाण होती. हॉ पिया यांनी 7 ऑक्टोबर 1942 ते 29 ऑगस्ट 1944 या काळात, थोडे थोडे करत, व्याजासकट सगळे पैसे बँक ऑफ तैवानकडे भरले. भरले ते जपानी लष्कराने छापलेल्या नोटांत. या नोटांना फिलिपिन्समध्ये लोक 'मिकी माऊस मनी' म्हणायचे.

युद्ध संपलं. नोटा रद्दी झाल्या. हॉ पिया गहाणखत सोडवायला गेले, तर बँक म्हणाली, आम्हाला काहीच मिळालेलं नाही, कर्ज तसंच आहे. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाने बँकेचं ऐकलं.

इथं बँकेला खलनायक करणं सोपं आहे, पण माझ्याच्याने ते होईना. बँकेचे दरवाजे तिने स्वतः बंद केले नव्हते. बँक ऑफ तैवानला तिने नेमलं नव्हतं. आणि बँकेत ज्यांच्या ठेवी होत्या, ते लोकही युद्धानंतर रांगेत उभे राहणारच होते. त्यांना काय सांगायचं? माझ्या टेबलच्या हिशेबाने बँक बरोबर होती. पैसे आले नाहीत, म्हणजे आले नाहीत.

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 9 एप्रिल 1948 ला तो निकाल फिरवला. एकमताने नाही, बहुमताने. 1907 च्या हेग नियमांनुसार, प्रदेश ताब्यात घेणाऱ्या सैन्याला तिथला व्यवहार चालवावा लागतो, आणि त्यासाठी त्याला काही अधिकारही मिळतात. त्या अधिकारात नेमलेल्या माणसाकडे ऋणकोने पैसे भरले, तर त्याचं कर्ज फिटलं. बँकेचं नुकसान झालं असेल, तर तो हिशेब पैसे घेणाऱ्याशी करायचा, भरणाऱ्याशी नाही.

वाचताना मला त्या बाईंचा आवाज आठवत होता.

न्याय सगळीकडे असा मिळाला नाही. हाँगकाँगमध्ये जपान्यांनी लोकांना डॉलर बदलून लष्करी येन घ्यायला लावले. आधी दोन डॉलरला एक येन, मग चार डॉलरला एक. जून 1943 पासून डॉलर वापरायलाच बंदी. सप्टेंबर 1945 मध्ये ते येन रद्द झाले. हाँगकाँगच्या लोकांनी 1993 मध्ये टोकियोत दावा लावला आणि 1999 मध्ये तिथल्या कोर्टाने तो फेटाळला. पेट्यांत जपून ठेवलेले गठ्ठे पेट्यांतच राहिले. पण त्याच शहरात हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या अधिकाऱ्यांकडून जपान्यांनी जबरदस्तीने सह्या करून घेतलेल्या नोटाही होत्या. त्या बँकेने 1946 मध्ये खऱ्या म्हणून स्वीकारल्या. म्हणजे नोट हातात घेणाऱ्याला सही कशी झाली हे कुठून कळणार, हा विचार कुणीतरी केला होता.

आमच्याकडे युद्ध नव्हतं, कुणी सैनिक नव्हते. म्हणूनच जास्त लाज वाटली. बोर्ड उतरवायला फक्त एक फोन आणि कुणीतरी दुकानापर्यंत जाणं एवढंच लागलं असतं.

मी मॅनेजरला मेल लिहिली. हॉ पियांचं नाव घातलं नाही, हसले असते. एवढंच लिहिलं की खिडकी बंद झाल्याचं आपण ग्राहकाला कोणत्या तारखेला कळवलं, हे आपल्याकडे कुठंच नोंदलेलं नाही. ते नसताना थकीत लावणं चूक आहे. दोन आठवडे मीटिंगा झाल्या. शेवटी दंड सगळ्यांचा माफ झाला. मुद्दलाचं ठरलं, की पावती दाखवेल त्याचा हप्ता जमा धरायचा आणि एजन्सीकडून वसुली कंपनीने करायची. मी टेबलमध्ये तिसरं स्टेटस टाकलं: 'पावती आहे, रक्कम येणे'. शेजारी एक नवा कॉलम, कळवल्याच्या तारखेचा.

स्क्रिप्ट उलटी चालवायच्या आधी मी त्या बाईंचं खातं उघडून पाहिलं. त्या कॉलनंतर चौथ्या दिवशी त्यांनी तोच हप्ता दुसऱ्यांदा भरला होता. दंडासकट, आमच्या अधिकृत केंद्रावर.

जास्तीचे पैसे त्यांना परत गेले. ते परत का आले, हे त्यांना कुणी फोन करून सांगितलं का, याचा कॉलम आमच्याकडे अजून नव्हता.