सुरूच्या बनांत

आंबेजोगाईची श्रीयोगेश्वरी ही कोकणांतील अनेक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळें समुद्रकांठचीं माणसें आमच्या बीड जिल्ह्यांत नेहमींच येतात. आम्ही मात्र त्यांच्या मुलखांत, दिवेआगरास, यंदा प्रथमच गेलों.

वाळूवरील सुरूचें बन दुरून पाहतांना हिमालयांतील चीड वृक्षच समुद्रावर उतरल्याचा भास झाला. पण हातांतील हिरवी 'सुई' ओढतांच पेरावर तुटली! ती सुई नव्हे, बारीक डहाळीच. खरीं पानें म्हणजे पेरावरचे सूक्ष्म दांते. मुळांच्या गांठींतील जंतू हवेंतील नत्र पुरवितात, म्हणून निव्वळ वाळूंतहि हें झाड वाढतें आणि खारा वारा अडवून मागच्या वाड्या राखतें.

3 जून 2020 रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळांत मात्र सुरू पडले आणि पोफळीहि पडल्या. "सुरू लवकर उभा राहतो हो," यजमानीणबाई म्हणाल्या, "सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षें लागतात." अवर्षणाच्या मुलखांत जन्म काढलेल्या सासूबाईंनीं नुसती मान हलविली.

निघतांना वांचलेल्या पोफळीच्या पांच सुपाऱ्या यजमानीणबाईंनीं त्यांच्या पदरांत घातल्या. "एवढ्या योगेश्वरीला वाहा."