टेकायला जागा

पंढरीत देवाच्या पायांवर थेट डोके ठेवता येते, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातले नवल वाटेनासे झाले. पुष्कळ मोठ्या देवस्थानांत देव आत, भक्त बाहेर आणि मध्ये कठडा. आपला पांडुरंग मात्र पाय पुढ्यात देऊन उभा. आठ-आठ, दहा-दहा तास रांगेत काढायचे आणि पायांशी दोन क्षण मिळायचे. त्या दोन क्षणांचा महिमा मी पंचेचाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. त्यात नेमके घडते काय, याचा बारकाईने विचार मात्र या म्हातारपणी एका हातमोज्याने करायला लावला. त्याची ही हकीकत.

मार्च २०२० मध्ये महामारीने मंदिराचे दार लागले. त्या आषाढीला पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपण घरात बसून ते पाहिले. पुढे मुखदर्शन सुरू झाले, पण पायांवर डोके ठेवायला २०२२ चा गुढीपाडवा उजाडावा लागला. मग मंदिराच्या जतनाचे काम निघाले आणि १५ मार्च २०२४ पासून २ जूनपर्यंत पदस्पर्श पुन्हा बंद राहिला. या दुसऱ्या बंदीच्या वेळी माझ्या नातीच्या डोक्यात एक कल्पना शिरली.

नात पुण्यात एका कंपनीत आहे. कारखान्यातल्या कामगारांना धोक्याच्या यंत्रांचे शिक्षण आभासी जगात द्यायचे, असे त्यांचे काम. डोळ्यांवर एक पेटी बांधायची, की समोर खरोखरीचे नसलेले यंत्र दिसते. हातात मोजे घालायचे, की ते हाताला लागते. दिवाळीला सोलापूरला आली ती मोजे घेऊनच. म्हणाली, "आजोबा, ज्यांना पंढरीला जाताच येत नाही, त्यांच्यासाठी असा पदस्पर्श करून बघू का? पण पाय बरोबर लागतात का, हे तुम्ही सांगायचं. आमच्या ऑफिसात कुणाला ते माहीत नाही."

मला नाही म्हणवेना. घरातच थोरली बहीण अक्का अंथरुणाला खिळलेली. चाळीसएक वाऱ्या पायी केलेली बाई, खुब्याचे हाड मोडल्यापासून चार वर्षे खिडकीबाहेर बघत पडून आहे. नातीच्या मनात पहिले नाव तिचेच होते.

आता हा मोजा म्हणजे काय ते सांगतो. मनगटाच्या वर साबणाच्या वडीएवढी पेटी. तिच्यातून निघून प्रत्येक बोटाच्या पाठीवरून टोकापर्यंत गेलेली दोरी. आभासी जगात आपण पेला धरायला गेलो, की बोटे जिथे पेल्याला भिडायची तिथे पेटीतला ब्रेक दोरी आवळतो. बोटे पुढे मिटत नाहीत आणि मनाला वाटते, हातात पेला आहे. बोटांच्या टोकांशी मोबाइल थरथरतो तसली बारीक मोटार. कळसूत्री बाहुलीची दोरी बाहुलीला हलवते. ही दोरी माणसाला थांबवते. बोटांची हालचाल संगणकाला कळवणारे मोजे अमेरिकेत १९८० च्या दशकातच विकायला आले होते, पण ते मुके होते, बोटाला उलट काही सांगत नसत. आता हॅप्टएक्स नावाच्या अमेरिकी कंपनीच्या मोज्यात एकेका हाताला शंभराहून जास्त हवेचे सूक्ष्म फुगे असतात, ते कातडीला ठिकठिकाणी दाबतात. आमचा मोजा त्या मानाने गरीब, दोरीचाच.

पेला धरला तेव्हा मी खरोखर दचकलो. डोळ्यांना दिसत होता आणि हाताला लागत होता. पेटी काढून पाहिले तर मूठ रिकामी. मायावादावर मी पुष्कळ बोललो आहे. पण ती रिकामी मूठ पाहताना दृष्टांत म्हणून दोरी-सापापेक्षा हे बरे वाटले.

मग नातीने मला टाळ दिले. आभासीच. वाजवले, नादही आला, थरथरही आली. पण थरथर नादाच्या किंचित मागाहून. इतकी किंचित की दुसऱ्या कुणाला कळली नसती, पण टाळकऱ्याच्या हाताला कळते. ती म्हणाली, "बरोबर आहे आजोबा, उशीर होतो. आम्ही तो मिलिसेकंदांत मोजतो." मी म्हटले, "आम्ही तो मृदंगाच्या थापेवर मोजतो." शेजारी चादरींचे माग असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांनाही मोजा चढवला. समोर चादर ठेवली. त्यांनी सवयीने अंगठा आणि तर्जनीत कापड चोळून पाहिले, दोनदा चोळले, आणि मोजा काढून ठेवला. म्हणाले, "जाडी कळती. पोत नाही. सुताचा आकडा काय सांगू मी?"

हे ऐकून मला तर्कसंग्रह आठवला. तरुणपणी शास्त्रीबुवांकडे पाठ केलेला. अन्नंभट्ट स्पर्शाचे तीनच प्रकार सांगतो: शीत, उष्ण, आणि दोन्ही नसलेला. मग मऊ आणि कठीण कुठे गेले? त्यावर त्याच्याच दीपिकेत उत्तर आहे, की मऊपणा आणि कठीणपणा हे वेगळे गुण नव्हेत, ती अवयवांच्या संयोगाची तऱ्हा आहे. या हिशेबाने मोजा जे देतो तो स्पर्शच नव्हे. पेला थंड की गरम, हे तो सांगतच नाही. नात म्हणाली, २०२१ चे वैद्यकाचे नोबेल ज्या दोघांना मिळाले त्यांतल्या एकाने, डेव्हिड ज्युलियस यांनी, मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मदतीने उष्णतेचे ग्राहक शोधले आणि दुसऱ्याने, आर्डेम पाटापुटियन यांनी, दाबाचे. म्हणजे शरीरातही ऊन आणि दाब यांची दारे वेगळी आहेत. आपल्या ग्रंथांत सगळे आधीच होते, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. अन्नंभट्टाने पेशी पाहिल्या नव्हत्या. पण भेद करायची त्याची नजर चांगली होती, एवढे खरे.

शेवटी पाय. नातीने घरच्या तसबिरीवरून वीट आणि तिच्यावरची पावले घडवली होती. काळीभोर, सुबक. मी प्रथम विचारले, "डोक्याला काय बांधायचं?" तिला कळेना. म्हटले, "अगं, आपण तिथं माथा ठेवतो. हा तर हाताचा मोजा." ती हसली, म्हणाली, "आधी हात तरी लावा."

हात पुढे केला. बोटे पावलाला लागली, थरथर आली, दोरी आवळली. आणि तरीही हात पुढेच गेला. डोळ्यांना माझा हात पावलावर थांबलेला दिसत होता. माझा खरा हात मात्र केव्हाच त्या पावलातून आरपार होऊन विटेच्या खाली गेला होता. मी झटकन हात मागे घेतला. घशाशी आवंढा आला.

नातीने कारण सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. मोजा हाताला बांधलेला असतो, जमिनीला नव्हे. तो बोटांना तळव्याच्या जोरावर अडवू शकतो, म्हणून पेला, फळ, दांडा, जे मुठीत मावते ते धरता येते. पण भिंत, खांब, पायरी, म्हणजे जे स्वतःच्या जागी ठाम उभे आहे, त्यावर हात ठेवला तर अख्ख्या हाताला थांबवणारे तिथे कुणीच नसते. त्यासाठी भुईत रोवलेले वेगळे यंत्र लागते. थोडक्यात, या मोज्याने धरता येते, टेकता येत नाही.

सज्जनहो, हा शब्द घेऊन मी पुढचे आठ दिवस बसलो. माथा टेकणे, पाठ टेकणे, गुडघे टेकणे. हरलो, माझे चालत नाही, असे सांगायचे असेल तरी मराठी माणूस "हात टेकले" म्हणतो. हरायलाही खाली काहीतरी पक्के लागते. जे धरतो ते आपल्या मुठीएवढे असते, आपण त्याला पेलतो. जिथे टेकतो तिथे भार आपला असतो आणि पेलणारा दुसरा. पंढरीला आपण धरायला जात नाही. रांगेतून रेटले जात, घामाने निथळत, सेवेकऱ्याचा हात पाठीवर असताना ते डोके खाली जाते आणि कपाळाला गार दगड लागतो, तेव्हा वर्षभराचे ओझे क्षणभर कुणीतरी घेतलेले असते.

आणि तो घेतो म्हणून झिजतो. लाखो कपाळे आणि हात लागून, अभिषेकांनी, पावलांची झीज होते; म्हणूनच पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांकडून वज्रलेप करून घ्यावा लागतो. टाळेबंदीत मंदिर बंद असतानाही तो झाला. आपल्या स्पर्शाची खूण दगडावर राहते. नातीच्या पावलांना कोट्यवधी माणसांनी हात लावला तरी ती कालच्याइतकीच कोरी.

अक्काला मोजा घातला तो दुसऱ्या दिवशी. तिला आरपार जाण्याचा त्रास झाला नाही, कारण तिचा हात पुढे जातच नाही फारसा. बोटे लागली, दोरी आवळली. बराच वेळ ती गप्प होती. मग पेटीखालूनच तिने विचारले, "आरं, पण त्याला कळलं का?"

नात माझ्याकडे बघू लागली आणि मी नातीकडे.

पुढे घरी आलेल्या एका परिचितांना ही कल्पना फार आवडली. म्हणाले, "उत्तम! गावोगाव अशी केंद्रं काढा. पंढरीची रांगच कमी होईल. गोरगरिबांना इथंच पदस्पर्श." मी त्यांना चहा दिला, पण मन तिथून उठले. मला १९४७ दिसू लागले. हरिजनांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मेला पंढरीत उपोषण आरंभले, तनपुरे महाराजांच्या मठात, आणि ते १० मेला सुटले. चोखोबांपासून सहा शतके लोक महाद्वाराबाहेर उभे होते. चोखोबा आमच्या जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याला भिंतीखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि समाधी झाली तीही दाराबाहेर. अशा वेळी कुणी हा मोजा घेऊन आले असते आणि म्हणाले असते, "भांडता कशाला? हे घाला, तुम्हालाही पाय लागतील, दार आहे तसे राहू द्या," तर? दार बंद ठेवण्याची याहून गोड युक्ती सापडली नसती. ज्याच्याजवळ पैसा-ओळख त्याला दगड आणि बाकीच्यांना दोरी, असा दिवस यायला फार वेळ लागत नाही. मी हे त्या गृहस्थांना बोललो. त्यांना पटले की नाही कोण जाणे. चहा मात्र अर्धाच राहिला.

कुणी म्हणेल, मग अंथरुणावरच्या अक्काचे काय? तिचे काही अडलेले नाही, असे आपला संप्रदायच सांगतो. आषाढीला कित्येक लाख माणसे गाभाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. कळसाला हात जोडतात, नामदेव पायरीला हात लावतात आणि वारी पोचली म्हणून माघारी फिरतात. नामदेवरायांनी तर स्वतः पाय धरण्यापेक्षा संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून पायरी होणे मागितले. ज्याला जाता येत नाही त्याची वारी नामाने पुरी होते. तिला यंत्राचे ठिगळ नको. ज्याला जाऊ दिले जात नाही त्याची गोष्ट वेगळी. त्याला दार उघडून हवे.

एवढे सगळे मी नातीला सांगितले. "पदस्पर्श" हे नाव या खेळाला देऊ नकोस, असेही सांगितले. तिचे तोंड जरा उतरले. तीन महिन्यांची मेहनत होती पोरीची. मग तिनेच एक जुनी गोष्ट काढली. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत बसलेल्या एका माणसाने आणि लंडनमध्ये बसलेल्या दुसऱ्याने मिळून एक आभासी ठोकळा उचलला होता. दोघांच्या हातात काठीसारखे यंत्र, मध्ये अटलांटिक महासागर. एकाने रेटले की दुसऱ्याला रेटा कळे. एमआयटीच्या बाजूने मंदयम श्रीनिवासन नावाचे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ त्यात होते. आता चेन्नईच्या आयआयटीतही या स्पर्शतंत्राचे काम चालते.

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटले, "म्हणजे पलीकडच्याला कळतं?"

"दोन्हीकडे मोजे असले तर कळतं, आजोबा."

"आणि हात धरणं तर या मोज्याला जमतंच."

अक्काची लेक मस्कतला असते. दोन वर्षांत येणे झालेले नाही. रोज संध्याकाळी मोबाइलवर दोघी एकमेकींना बघतात, बोलणे संपते, तरी फोन ठेवत नाहीत. नातीने कंपनीकडे मोज्यांची आणखी एक जोडी मागितली आहे. मिळेल असे म्हणते. इंटरनेटमुळे उशीर जास्त होईल आणि ऊब काही जाणार नाही, हे तिने अक्काला आधीच समजावून सांगितले. अक्काने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिच्या हातातल्या बांगड्या लागतील का गं माझ्या बोटाला?"

नातीने ते वहीत लिहून घेतले.