स्थावर मालमत्ता

माणसाने पैसा कशात घालावा, याविषयी आमच्या घराण्याचे मत पूर्वापार ठाम आहे. सोने चोर नेतो, बँक बुडते, शेअरचे तर नावच काढू नये. जमीन मात्र कुठे जात नाही. ‘जमीन काय पळून जाते?’ हा आमच्या आजोबांचा आवडता सवाल. त्याला ‘नाही’ एवढेच उत्तर असे आणि ते घरातल्या सर्वांनी मिळून द्यायचे असे, आरतीतल्या टाळ्यांसारखे. कायदाही आजोबांच्याच बाजूचा. त्याने जगातल्या समस्त वस्तूंचे दोन भाग केले आहेत, स्थावर आणि जंगम. गाय, गाडी, घड्याळ ही जंगम. जमीन स्थावर, म्हणजे जिथे ठेवली तिथेच सापडणारी. माझा चष्मा कोणत्या वर्गात बसतो हे वेगळे सांगायला नको.

या सिद्धान्ताला पहिला तडा गेला तो मला नकाशे पाहण्याचा नाद लागल्यावर. चारचौघे निवृत्त झाले की तीर्थयात्रेला जातात. मी अॅटलास उघडून बसतो. तिकीट लागत नाही आणि बाहेरचे खाऊन पोटही बिघडत नाही. ‘‘कोथिंबीर आणायला पाठवलं तर दोन गल्ल्या चुकता, आणि बसलात पॅसिफिक महासागर शोधत!’’ असे आमची सौ. म्हणते. तिला काय सांगणार? गल्ली आपण चुकलो तरी गल्ली जागेवर असते. समुद्रातल्या काही बेटांचे तसे नाही. आज दिसली म्हणून उद्या चौकशीला जावे, तर बिऱ्हाड हललेले.

भूमध्य समुद्रातल्या एका बेटाची गोष्ट घ्या. १८३१ सालच्या जुलैत सिसिलीच्या दक्षिणेला हे बेट पाण्यातून वर आले. खाली ज्वालामुखी खदखदत होता, त्याने राख आणि खड्यांचा साठेक मीटर उंच ढीग रचला. एवढे होताच भाऊबंद गोळा झाले. इंग्रजांनी झेंडा रोवला आणि ‘ग्रॅहम’ असे नाव ठेवले. तिकडच्या फर्दिनांद राजाने स्वतःचेच नाव देऊन ‘फर्दिनान्देआ’ म्हटले. फ्रेंच भूशास्त्रज्ञांनी, जुलैत जन्मले म्हणून, ‘जुलिया’ ठरवले. एक बाळ, तीन आत्या आणि तीन नावे! १८३२ साल सुरू होता होता पाळण्यात काही उरले नाही. कारण साधे होते. वर घट्ट लाव्ह्याचे कवच नव्हते, नुसता सुटा ढीग. रांगोळीवर बादली ओतावी तसा लाटांनी तो धुऊन नेला. आज ते बेट पाण्याखाली काही मीटरवर आहे. पण २००१ साली सिसिलीकरांनी पाणबुडे पाठवून त्यावर आपल्या मालकीची संगमरवरी पाटी ठेवली. पुन्हा वर आलेच तर घोळ नको. आमच्या सोसायटीत लोक गाडी घेण्याआधी पार्किंगच्या जागेत कुंडी ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे त्या पाटीचे तुकडे झालेले आढळले. भाऊबंदकी पाण्याखालीही सुटत नाही.

परक्यांना हसण्यात अर्थ नाही. १९७० च्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात जे भयंकर वादळ झाले, त्यानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी गाळाचे एक बेट वर आले. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्बाशा म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. उंची भरतीच्या वर फार तर दोन मीटर. वस्ती नाही, विहीर नाही, चहाची टपरी नाही. तरी १९८१ साली आपले आरमार तिथे जाऊन झेंडा लावून आले. खलिते गेले, खलिते आले. दोन शहाणे देश भांडत असताना बेटाने आपल्यापुरता निर्णय घेतला. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सांगितले की ते पूर्ण पाण्याखाली गेले आहे. सागरी हद्दीचा निवाडा लागला २०१४ साली, आणि ते पाणी आपल्या बाजूला आले.

हे वाचून मला आमच्या घरातला दावा आठवला; पण तो पुढे येईल. आधी ही मंडळी बुडतात का ते पाहू.

त्यातली काही निव्वळ म्हातारपणाने बुडतात. ज्वालामुखीचे बेट जन्मते तेव्हा त्याच्या खालचा समुद्रतळ गरम आणि फुगलेला असतो. लाखो वर्षांत तो सरकत लांब जातो, थंड होतो, आकसतो, जड होतो आणि बेटाला घेऊन हळूहळू खाली बसतो. त्याच्या कडेने वाढणारी प्रवाळे मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतात. शेवटी आजोबा दिसेनासे होतात आणि नातवंडांचे कडे तेवढे पाण्यावर उरते. हे डार्विनने ओळखले आणि १८४२ साली पुस्तक लिहून मांडले. त्याच्याकडे गिरमिट नव्हते. ११० वर्षांनी, १९५२ मध्ये, मार्शल बेटांतल्या एनेवेटाक इथे भोक पाडून पाहिले तेव्हा प्रवाळाचा चुनखडक १२०० मीटरपेक्षा खोल गेलेला निघाला, आणि त्याच्या खाली ज्वालामुखीचा काळा दगड. आजोबा खालीच बसले होते. एकत्र कुटुंब ते हेच.

नदीमुखाच्या जमिनीची कथा निराळी. ती नव्या भरलेल्या गादीसारखी आपल्याच वजनाने दबत असते. तरी ती वर राहते, कारण नदी दर पावसाळ्यात नवा गाळ आणून टाकते. आमचे कोकण अनेक वर्षे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगले. ही जमीन नदीच्या मनीऑर्डरीवर जगते. वर धरण बांधले, काठाला भिंती घातल्या की मनीऑर्डर थांबते. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या मुखाशी असलेल्या लुइझियानाची हजारो चौरस किलोमीटर जमीन गेली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

कुणी बुडते ते तहानेने. जकार्ता शहराने जमिनीखालचे पाणी एवढे उपसले की त्याच्या उत्तरेकडचे काही भाग वर्षाला वीसवीस सेंटीमीटरही खचले. २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने राजधानीच बोर्निओला न्यायचे जाहीर केले. आपल्याकडे बोअरला पाणी लागले की पेढे वाटतात.

आणि कधी सगळे एका क्षणात होते. २००४ सालच्या २६ डिसेंबरला सुमात्राजवळ भूकंप झाला आणि ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, आपले इंदिरा पॉइंट, सुमारे सव्वाचार मीटर खाली गेले. जमिनीवर बांधलेले दीपगृह पाण्यात उभे राहिले. गंमत अशी की त्याच हिसक्याने अंदमानच्या उत्तरेकडचा किनारा मीटरभर वर आला. तराजूचे एक पारडे खाली, दुसरे वर. फक्त खालच्या पारड्यात माणसे होती.

या सगळ्यांवर हल्ली समुद्र स्वतःच चढतो आहे. पाणी तापले की फुगते, बर्फ वितळले की त्यात भर पडते. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली. आता ती वर्षाला चारेक मिलिमीटरने वाढते. चार मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटते खरे. घरमालक भाडे वाढवतो तेही असेच. पण सुंदरबनातल्या घोडामारा बेटाची साधारण निम्मी जमीन माझ्या हयातीत गेली. शेजारचे लोहाचरा तर आख्खे गेले आणि तिथली माणसे उठून सागर बेटावर राहायला आली. न्यू मूरवर कुणी राहत नव्हते, म्हणून आपण हसलो.

आता आमचा दावा. परशुरामाने समुद्र हटवून कोकण काढले, अशी आपली श्रद्धा आहे. समुद्राने त्या व्यवहारावर सही केल्याचा मात्र कुठे उल्लेख नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अगदी पुळणीला लागून आमची चौदा गुंठ्यांची वाडी आहे. होती, म्हणायला हवे. वडील आणि त्यांचे चुलत भाऊ यांच्यात तिच्या वाटपाचा दावा बावीस वर्षे चालला. गडगा कुणाचा, विहीर कुणाची, तेरावा माड कुणाचा. इकडे तारखा पडत होत्या, तिकडे माड पडत होते. खाडीतली वाळू उपसून नेली, केवड्याचे बन तोडले, शेजारच्या गावाला दगडांचा बंधारा झाला आणि तिथून हटलेली लाट आमच्याकडे वळली. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा निम्म्या वाडीत मुशी फिरत होत्या.

सातबारा मात्र ठणठणीत आहे. क्षेत्र चौदा गुंठे, पीक नारळ. मी दुरुस्तीला गेलो तेव्हा तिथल्या सद्गृहस्थांनी सहानुभूतीने ऐकून घेतले आणि ‘‘पोटखराब लावून देऊ का?’’ असे विचारले. पोट समुद्राचे खराब व्हायला हवे, एवढी वाडी पचवल्यावर. पण तशी काही लक्षणे दिसत नाहीत.

त्या घरात माझी आत्या राहते. वय ८४. दर उधाणाच्या अमावास्येला ती कंदील घेऊन गडग्यापर्यंत जाते आणि उरलेले माड मोजून येते. बॅटरी दिली आहे, ती देव्हाऱ्यात असते. ‘‘आत्या, आता तू ठाण्याला चल,’’ असे मी दरवर्षी म्हणतो. गेल्या मे महिन्यात मी तिला धीर द्यावा म्हणून हॉलंडच्या स्कोकलँड बेटाची गोष्ट सांगितली. समुद्र आवरेना, तेव्हा १८५९ साली तिथल्या लोकांना सरकारने उठवले. आणि पुढे १९४२ पर्यंत त्या लोकांनी भोवतालचा समुद्रच उपसून काढला! आज ते बेट शेतांच्या मधोमध कोरड्या जमिनीवर आहे.

आत्या तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, ‘‘मधे किती वर्षं गेली?’’

‘‘त्र्याऐंशी.’’

‘‘म्हणजे माझ्याएवढीच. मग रे, जे उठले ते परत आले का राहायला?’’

अॅटलासात याचे उत्तर नसते. मी गप्प बसलो. तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, ‘‘मागच्या परसात चार रोपं आणून ठेवलीयेत माडाची. घराच्या वरच्या अंगाला लावायचीत. सात वर्षांत धरतात. समुद्राला तिथवर यायला तेवढा वेळ लागेल, मी हिशेब केलाय. अळी तेवढी तू खणून दे. आणि खोल खण, शहरातल्यासारखं उकरू नकोस.’’

चारही अळी मी खणली. कंबर आठ दिवस धरली होती.