तळ बदलताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर बसलेल्या माणसाची नजर आधी माशांवर जाते. केशरी अंगावर पांढरे पट्टे घेतलेली क्लाउनफिशची जोडी, दगडाच्या कपारीतून डोकावणारा कोळंबीचा लाल मिशाळ चेहरा, दिव्याच्या निळसर उजेडात लहरणारं पाणी. वाळूकडे कुणी बघत नाही. टाकीचा सगळा संसार मात्र तीच चालवते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांचे कल्ले जाळतो. वाळूच्या कणाकणावर चिकटून राहिलेले जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अगदी खाली, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटमधून नायट्रोजन मोकळा करून हवेला परत देतात. काचेला नाक लावून पाहिलं की कणांच्या मधोमध अडकलेले त्याचे बारीक बुडबुडे दिसतात.

तरीही कधीतरी ही वाळू बदलावी लागते. वर्षं जातात तसा गाळ झिरपत झिरपत कणांमध्ये बसतो. चुनखडीच्या वाळूला फॉस्फेट धरून ठेवायची सवय असते. ते हळूहळू पाण्यात सुटायला लागलं की वर तपकिरी शेवाळाची साय धरते. काचेतून थर स्पष्ट दिसतात: वर मळकट पांढरा, मधे राखाडी आणि एखाद्या कोपऱ्यात काजळासारखा डाग. तो डाग ढवळला तर कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांसाठी जहर.

नवी वाळू कोणती आणायची? सुरतेतल्या आमच्या पर्वत पाटियात हा प्रश्न विचारला की शेजारी सहज म्हणतात, ‘डुमसला जा, पोतं भरून आण.’ समुद्र आहेच की जवळ. पण डुमसची वाळू काळी. सातपुड्यातल्या मुलताईला उगम पावलेली तापी खानदेशचा काळा कातळ झिजवत सुरतेला येते आणि तो चुरा समुद्राच्या तोंडाशी टाकते. त्यात लोहाचे कण असतात. काच पुसायच्या चुंबकाला ते चिकटले तर काचेवर ओरखडे उठतात. खंभातच्या आखातातलं पाणीही भरती-ओहोटीच्या प्रचंड ओढीने सदा गढूळ. म्हणून समुद्राच्या इतक्या जवळ राहूनही आम्ही समुद्र घरीच कालवतो: आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास.

टाकीला लागते ती शंख-शिंपल्यांच्या आणि प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू, म्हणजे अरागोनाइट. तळाचं पाणी आम्लाकडे झुकू लागलं की ती थोडी विरघळून ते सावरते. अशी वाळू गुजरातच्या किनाऱ्यालाही होती. कच्छच्या आखातातली प्रवाळी वाळू एके काळी सिमेंटसाठी उपसली जायची. १९८२ मध्ये जामनगरजवळ सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलं. म्हणून माझ्या टाकीत जिवंत प्रवाळ नाही, आणि नसण्याची खंतही नाही. क्लाउनफिश तर आता हॅचरीत जन्मतात. समुद्रातून उचलून आणायची गरजच उरलेली नाही.

आता वाळू काढण्याचं काम. सगळी वाळू एकदम उपसली तर टाकी लख्ख दिसते आणि दोन दिवसांत अमोनिया चढतो, कारण जिवाणूंची मोठी वस्ती बादलीतून बाहेर गेलेली असते. शिवाय सगळा साचलेला गाळ एकाच वेळी उधळतो. म्हणून पट्टा पट्टा घ्यायचा. पाणी बदलायच्या दिवशी जाड नळीने एका बाजूची वाळू पाण्याबरोबर ओढून घ्यायची. नळीचं तोंड तळाला टेकवून धरायचं, हलवायचं नाही. हललं की गाळ उडालाच. काळा डाग असेल तर तो नळीच्या तोंडाखालीच राहायला हवा.

मग बादलीशी बसायचं. हा भाग मला सगळ्यांत आवडतो. ओल्या वाळूत बोट फिरवलं की एकेक रहिवासी वर येतो: केसाळ कडांचा गुलाबी किडा, तांदळाएवढा शंख, आणि नासारियस. ही गोगलगाय दिवसभर वाळूत गाडलेली असते, फक्त सोंडेसारखी नळी वर काढून. टाकीत खाद्याचा वास आला की ती वाळू फोडून धावत सुटते; गोगलगाय इतकी धावते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. प्रत्येकाला चिमटीने उचलून परत टाकीत सोडायचं. जुन्यातली वरवरची स्वच्छ वाळू पेलाभर राखायची. नवी वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन पीव्हीसीच्या पाइपमधून थेट तळाशी सोडायची आणि वर ती राखलेली पसरायची, दुधाला विरजण लावावं तशी. पुढचे दोन-तीन आठवडे टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिले, तरच पुढचा पट्टा.

हे करताना मला माझं गाव आठवतं, म्हणजे आम्ही सुरतेत कसे रुजलो ते. पर्वत पाटिया, लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात खानदेशी माणूस भुसावळ-सुरत पॅसेंजरने आला. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं नवापूरचं स्टेशन, व्यारा, बारडोली. कुणी एकदम आलं नाही. आधी थोरला भाऊ लूमवर लागला, मग त्याने धाकट्याला बोलावलं, मग लग्न होऊन वहिनी आली, मग गावाकडची माय. आधीच्याने पुढच्याला खोली दाखवली, उधारीवर किराणा मिळवून दिला, मिलमधल्या मुकादमाकडे शब्द टाकला. जुने जागेवर होते म्हणून नवे टिकले.

शहरं मात्र उलट वागतात. खाडीकाठची वस्ती उठवायची ठरली की एका दिवसात उठवतात. लोकांना दुसरीकडे पक्की घरंही मिळतात. पण उधारी देणारा वाणी, लेकरू सांभाळणारी शेजारीण, रात्री दवाखान्यात नेणारा रिक्षावाला यांची कुठल्या नकाशावर नोंद नसते. ते पांगले की नव्या घरातला पहिला आजार, पहिली बेकारी एकट्याने सोसावी लागते. जागा स्वच्छ होते आणि माणसं आजारी पडतात.

तळ बदलू नये असं मी म्हणत नाही. काळा डाग काढायलाच हवा, गाळ ठेवून कुणाचं भलं होत नाही. पण जो तळ उपसायचा त्यात कोण राहतं, काय काम करतं, हे आधी बोट घालून पाहावं. त्यातलं थोडं नव्याच्या माथ्यावर राखावं आणि पुढचा पट्टा उचलण्याआधी थांबावं. वेळ जास्त लागतो. पण त्या सगळ्या वेळात वरचे मासे पोहत असतात, खात असतात, अंडी घालत असतात. दुरुस्ती चालू असताना ज्यांचं जगणं थांबत नाही, त्यांच्यासाठीच ती दुरुस्ती असते.