मारिओला बुरशी

गगनबावड्याच्या पावसाळ्यात बुरशी कशाला धरत नाही? चपलांना धरते, पापडांना धरते, माझ्या लग्नातल्या कोटाला तर कायमची धरली आहे. 1996 साली ती चिरंजीवांच्या मारिओलाही धरली, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

टीव्हीला जोडायचा तो खेळ त्याच्या मामानं कोल्हापूरहून आणलेला. ऐन आषाढात एकदा पाहतो तर मारिओ नेहमीसारखा पळतोय, उड्या मारतोय, पण पायाखाली विटांऐवजी आकडे आणि एबीसीडी! मी कॅसेट काढून फुंकर मारली. मग रोजच मारू लागलो. शेजारचे आबा दारातून म्हणाले, "काय साहेब, शंख फुकायलाय व्हय?" शेवटी "तूच आपटली असशील" म्हणून पोराचा कान पिळला. तो रडला नाही. कॅसेट माळ्यावर ठेवून आला आणि पुन्हा कधी मागितली नाही. रडला असता तर बरं, असं वाटलं.

परवा गणपतीला इंजिनिअर झालेले चिरंजीव आले आणि माळ्यावरून ती कॅसेट काढून खोलून बसले. आत डांबराच्या दोन काळ्या टिकल्या! "बाबा, ही प्रोग्रॅमची, 32 केबी. कुठं जमीन, कुठं खड्डा, ते इथं. ही दुसरी चित्रांची, फक्त 8 केबी." तेवढ्यात 512 चौकोन, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचा. मागच्या देखाव्याचं सबंध चित्र कुठं नसतंच म्हणे. 960 जागा, आणि कुठल्या जागी कितव्या नंबरचा चौकोन, एवढीच यादी. थोडक्यात, फरशी बसवणारा गवंडी. चित्रांकडच्या पट्टीवर गंज चढला की गवंडी भलत्याच नंबरची फरशी उचलतो. प्रोग्रॅम मात्र ठणठणीत! त्याच्या हिशेबी तिथं जमीनच असते, म्हणून मारिओ एबीसीडीवरून निर्धास्त चालतो.

जागेची ओढाताण एवढी, की 1985 साली तो खेळ करणाऱ्या जपानी मंडळींनी ढग आणि झुडूप एकाच आकारात भागवलं. वर असला तर पांढरा, खाली असला तर हिरवा. यात त्यांचं कसलं कौतुक? जुलैत करूळ घाटाच्या तोंडाशी उभे राहा आणि ढग कुठला, झुडूप कुठलं, सांगून दाखवा!

"पण गंज चढला कशानं?" मी विचारलं.

"इथली हवा दमट, त्यात तुमच्या तोंडाची वाफ," खोडरबरानं पट्ट्या घासत तो म्हणाला.

मी हळूच माझाच कान चाचपून पाहिला.