अपुऱ्या दिवसांचे डोळे

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना स्वतःला अकाली जन्मलेल्या बालकाची उपमा दिली आहे. काचेच्या पेटीत ठेवलेले असे बालक ज्याने पाहिले असेल, त्यालाच त्या उपमेतील दीनता नीट उमगेल. तातडीच्या स्नानसंस्कारासाठी आम्हां धर्मगुरूंस इस्पितळातून बोलावणे येते; लिंबाएवढ्या त्या मस्तकावर पाणी सोडताना दृष्टी प्रथम जाते ती डोळ्यांकडे. काही बालकांच्या बुबुळांवर विरळ धुके उतरल्यासारखे दिसते. आई विचारते, "फादर, ह्याला दिसेल ना?" उत्तर देणे वैद्यांचे काम, आमचे नव्हे. परंतु वैद्य जे सांगतात त्याचा अर्थ घरी गेल्यावर पुष्कळदा भलताच लावला जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

बुबुळावरील पारदर्शक काच, जिला वैद्य कॉर्निया म्हणतात, ती प्रौढ माणसात मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन जाडीची असते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. एकतिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बालकात मात्र तीच जाडी साडेसहाशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त आढळते. एवढासा जीव आणि काच मात्र बापापेक्षा जाड! कारण असे की, कॉर्नियाच्या आतल्या अंगास पेशींचा एकच थर असतो व तो अहोरात्र पाणी उपसून काच निर्मळ राखतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकात हे काम अद्याप पुरतेपणी मार्गी लागलेले नसते. काच पाणी धरून राहते, फुगते, धुरकट दिसते. पुढे आठवड्यागणिक ती पातळ व स्वच्छ होत जाते.

आता डोळ्यातील दाबाविषयी. डोळ्यात एक द्रव सतत पाझरतो व कडेच्या सूक्ष्म जाळीतून बाहेर जातो; या आवकजावकीवर दाब ठरतो. प्रौढांत तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असला म्हणजे सामान्यतः ठीक मानतात. मापण्याचे नेहमीचे यंत्र डोळ्याच्या आत शिरत नाही; ते बाहेरून काच दाबून पाहते. १९०५ साली नॉर्वेच्या श्यॉट्झ यांनी असे एक यंत्र केले. १९५० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील गोल्डमन यांनी अधिक नेमके यंत्र सिद्ध केले. गोल्डमन यांनी काचेची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर धरली होती, आणि जाडी बदलली तर माप चुकेल हे त्यांस ठाऊकही होते. जाड, ताठ काच दाबास विरोध करते व आकडा वाढवून दाखवते; उलट पाण्याने फुगून मऊ पडलेली काच तो घटवूनही दाखवू शकते. त्यात बालक रडले, त्याने पापण्या आवळल्या, की आकडा आणखी चढतो. म्हणून कागदावरील एका आकड्यावरून घरात काचबिंदूचा आकांत मांडू नये. तज्ज्ञ तो आकडा बालकाचे आठवडे, काचेची जाडी व डोळ्याची अन्य लक्षणे यांच्याशी ताडून पाहतात, आणि पुन्हा मोजतात.

याचा अर्थ आकड्याकडे काणाडोळा करावा असा मुळीच नाही. तान्ह्या बालकासही काचबिंदू होतो. डोळ्यांतून सारखे पाणी वाहणे, उजेड न सोसणे, धुके ओसरण्याऐवजी वाढणे ही त्याची लक्षणे होत. आणखी एक लक्षण आहे, ते आपल्या लोकांना गोड वाटते. दाबाने कोवळा डोळा ताणून मोठा होतो, आणि शेजारणी म्हणतात, "काय टपोरे डोळे आहेत हो!" त्या कौतुकात कित्येकदा मोलाचे दिवस निघून जातात.

त्याहून मोठा घोटाळा सव्वा महिन्याचा. अकाली जन्मलेल्या बालकाच्या डोळ्यातील पडद्यावर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येते. बोस्टन येथील टेरी यांनी १९४२ साली या व्याधीचे प्रथम वर्णन केले. आपल्या देशातील नियमानुसार चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावयाचे असतात. अगदीच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आणि आमच्या बेळगाव भागात बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही! एका वृद्ध मातोश्रींनी आम्हांस बजावले, "फादर, देवमातेनेसुद्धा चाळीस दिवस पाळले." खरे आहे. पण ते दिवस मंदिरातील विधीसाठी होते, वैद्यास टाळण्यासाठी नव्हेत. आणि हेरोदाचे संकट उभे राहिले तेव्हा योसेफाने मुहूर्त पाहिला नाही. मायलेकरांना घेऊन त्याने रातोरात मिसर देशाची वाट धरली.

तपासणी काही मिनिटांची असते. बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घालतात, पापण्या अलग धरतात, बाळ टाहो फोडते. आईला ते पाहवत नाही, तर आजीने आत जावे. पहिला निकाल चांगला आला तरी पुढची तारीख मिळते, आणि रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्याचे वैद्य सांगेपर्यंत ती चुकवावयाची नसते. त्याच दिवशी घरी स्नानसंस्काराची मेजवानी ठरली असेल तर आम्हांस कळवावे. आमच्या वहीत दुसरा रविवार खुशाल मिळेल.