मेम्फिसच्या फलकावरचं अक्षर

अक्षराला जात नसते, असं आमच्या ओळखीतले काही कलाकार ठामपणे सांगतात. मग अमेरिकेतल्या 'मार्टिन' या टाइपफेसचं काय करायचं? अरुंद, जाड, टोकांना नक्षी नसलेली ही अक्षरं मथळ्यासाठी आणि फलकासाठी आहेत. ती घडवली ट्रे सील्स या कृष्णवर्णीय डिझायनरने, आणि उचलली मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या फलकांवरून.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथे एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय कामगार पावसात आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले. कचरा दाबणारं यंत्र सुरू झालं आणि दोघंही चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केलं. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या फलकावर ना पगार होता, ना भत्ता. 'आय ॲम अ मॅन', बस. मी माणूस आहे. त्यातल्या 'ॲम'खाली रेघ. पन्नाशीच्या बाप्यालाही 'बॉय' म्हणून हाक मारणाऱ्या गोऱ्यांना दिलेलं ते उत्तर होतं. पाठिंब्याला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. १६ एप्रिलला युनियनला मान्यता मिळाली आणि संप मिटला.

आज तो फॉन्ट विकत मिळतो, उद्या एखादी कंपनी त्यात बुटांची जाहिरातही करेल. हे आम्हाला खटकतं. तरीही त्या अक्षरांचा वारसा त्याच समाजातल्या माणसाने सांभाळला, याचं मोल जास्त आहे.

आणि आपले फलक? गटारात उतरून मेलेल्या कामगारांसाठी निघालेल्या एका मोर्चाचा फ्लेक्स आम्ही पाहिला. अर्ध्या जागेत पुढाऱ्यांचे फोटो, मागणी खालच्या कोपऱ्यात. जागा पुरेना म्हणून डीटीपीवाल्याने साधा फॉन्ट दोन्ही बाजूंनी दाबलेला. असं दाबलं की अक्षराचा उभा दांडा बारीक होतो, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. लांबून नुसते काळे पट्टे दिसतात. खरं अरुंद अक्षर मुळातच तसं रेखावं लागतं: दांड्याचं वजन राखून, आतली मोकळी जागा मोजून. रोमन लिपीत हे त्यामानाने सोपं. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'मनुष्य'मधला 'ष्य' अरुंद करून बघा म्हणजे कळेल.

ते काम झालेलंच नाही असंही नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' हा अरुंद देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो, पाच जाडींत. आमचं म्हणणं एवढंच की मागणी चार-पाच शब्दांत बसवा, फोटो काढा आणि फ्लेक्स छापण्याआधी नमुना भिंतीला लावून रस्त्यापलीकडून वाचा. उकार दिसला नाही तर डीटीपीवाल्याला परत बसवा.